मेथाडोनवर असलेली गरोदर बाई आणि तिची सिगारेट

"माझा डोस कमी करा." सातवा महिना लागलेली एक बाई माझ्यासमोर बसून हे सांगत होती, आणि सांगता सांगता रडत होती. "बाळाला जन्मल्यावर त्रास होतो ना याचा, मी वाचलंय सगळं, मला जे व्हायचं ते होऊ दे, मी सहन करीन, पण कमी करा." मी समजावलं, मग डॉक्टर आले त्यांनी समजावलं, ती मान डोलवत राहिली. मग उठून बाहेर पार्किंगमधे गेली आणि मी खिडकीतून बघितलं तर एक सिगारेट संपायच्या आत तिने त्याच्यावरच दुसरी पेटवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या पोरीला सगळ्यांनी मिळून भलत्याच गोष्टीची भीती घातलीय. जे औषध तिला आणि बाळाला सावरून धरतंय त्याची भीती, आणि जे खरंच कमी करायला हवं त्याबद्दल अर्ध्या तासात आमच्यापैकी कुणी एक शब्द काढला नव्हता. मीसुद्धा नाही.

मी मूळची साताऱ्याची, इकडे अमेरिकेत बाल्टिमोरच्या बाजूला व्यसनमुक्तीच्या एका क्लिनिकमधे काउन्सेलर आहे. (क्लिनिकचं नाव देणार नाही आणि बायकांचे तपशील ओळख पटणार नाही असे बदललेत.) घरच्यांना, मैत्रिणींना हे काम नक्की काय आहे ते सांगताना दरवेळी अर्ध्यातच थांबावं लागतं, म्हणून यावेळी नीट बसून सगळं लिहितेय.

आधी मेथाडोन काय ते बघू, कारण ते कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. हेरॉइन, फेंटॅनिल, ऑक्सिकोडोनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या, हे सगळे ओपिऑइड, म्हणजे अफूच्या खानदानातले. आपल्याकडे मुंबईत ज्याला गर्द म्हणतात ते पण त्याच घरातलं. हेरॉइनचं कसं असतं, चढतं पटकन आणि उतरतं पण पटकन, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा शरीर वर जातं आणि दाणकन खाली येतं. खाली आलं की जो त्रास होतो, अंग मोडून येणं, जुलाब, उलट्या, घाम, थरथर, त्याला विड्रॉवल म्हणतात. आणि बाई गरोदर असेल तर ही सगळी चढउतार पोटातल्या बाळाचीही होते, त्यातून गर्भपात, अपुऱ्या दिवसांची कळ, कधी बाळ पोटातच जाणं. मेथाडोन पण ओपिऑइडच आहे पण ते सावकाश चढतं आणि दिवसभर टिकतं, एकदा घेतलं की चढ नाही उतार नाही, बाई जेवते, झोपते, कामावर जाते, तपासणीला येते. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमधे डॉक्टर व्हिन्सेंट डोल आणि डॉक्टर मारी निस्वांडर यांनी हा उपचार सुरू केला. दुसरं औषध ब्युप्रेनॉर्फिन, ते जिभेखाली ठेवायचं. आपल्याकडे सरकारच्या एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमात सुया टोचून नशा करणाऱ्यांना हीच औषधं देतात.

"एक व्यसन सोडवायला दुसरं व्यसन लावलं की" असं मला माझ्या सख्ख्या मामांनीही म्हटलंय. तसं नाहीये हो. डायबेटिस असलेली बाई इन्सुलिन घेते तिला आपण इन्सुलिनचं व्यसन लागलं म्हणत नाही. आणि गरोदरपणात तर इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा स्पष्ट सल्ला आहे की औषध चालू ठेवा, बंद करू नका, कारण बंद केलं की बाई परत रस्त्यावरच्या मालाकडे वळण्याची शक्यता खूप, आणि मधे काही दिवस गॅप पडल्यावर शरीराची सवय उतरलेली असते म्हणून तेव्हाचा एक डोस जीवघेणा ठरू शकतो.

आता बाळाचं. पोटात असताना बाळालाही मेथाडोनची सवय होते, नाळ कापली की पुरवठा बंद, आणि साधारण एक ते तीन दिवसांत बाळाला विड्रॉवल सुरू होऊ शकतो. तारस्वरात रडतं, हातपाय थरथरतात, अंग ताठ, सारखं शिंकतं जांभया देतं, दूध नीट ओढत नाही, झोप लागत नाही, जुलाब होतात. बघवत नाही, खरंच. फिलाडेल्फियाच्या डॉक्टर लोरेटा फिनेगन यांनी १९७५ च्या सुमाराला यासाठी एक गुणतक्ता बनवला, दर तीन-चार तासांनी बाळाला बघायचं, एकेका लक्षणाला मार्क द्यायचे आणि बेरीज जास्त आली तर थेंबाथेंबाने मॉर्फिन. अमेरिकेत २०१० मधे दर हजार बाळंतपणांमागे साधारण ४ बाळांना हे निदान लागायचं, २०१७ पर्यंत तो आकडा ७ च्या वर गेला.

पण हा त्रास बरा होतो. बाळ दगावेल असा हा आजार नाही, उपचार केला की काही दिवसांत काही आठवड्यांत बाळ यातून बाहेर येतं. हल्ली तर बऱ्याच ठिकाणी मार्कांच्या तक्त्यापेक्षा तीनच गोष्टी बघतात, बाळ दूध पितंय का, झोपतंय का, आणि रडलं तर घेतल्यावर शांत होतंय का, आणि पहिलं औषध म्हणजे आई. अंधारी शांत खोली, अंगाला अंग लावून घेणं, दूध पाजणं. २०२३ मधे २६ हॉस्पिटलांमधल्या १३०० च्या वर बाळांचा अभ्यास आला, त्यात या पद्धतीने बाळं घरी जायच्या अवस्थेला साधारण ८ दिवसांत आली, जुन्या पद्धतीने १५ दिवस लागत होते. हो, आणि मेथाडोनवर स्थिर असलेल्या आईने दूध पाजलेलं चालतं, नुसतं चालत नाही, डॉक्टर स्वतःहून पाजायला सांगतात, औषध दुधात फार थोडं उतरतं.

आणि जिच्यासाठी ती बाई रडत होती ती डोसची गोष्ट. आईचा डोस जास्त म्हणजे बाळाचा त्रास जास्त, असं सरळ गणित वाटतं ना? सगळ्यांना वाटतं. पण बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा असं पक्कं नातं काही सापडलं नाही. उलट गरोदरपणात शरीर औषध भराभर संपवतं, रक्ताचं प्रमाण वाढलेलं असतं, लिव्हर जोरात चालू असतं, म्हणजे शेवटच्या तीन महिन्यांत तोच डोस अपुरा पडायला लागतो, बाईला रात्री अंग मोडून येतं, मग डॉक्टर डोस वाढवतात नाहीतर सकाळ-संध्याकाळ असा वाटून देतात. म्हणजे नेमकं जेव्हा शरीर जास्त मागतंय तेव्हा ही बिचारी बाळाच्या मायेपोटी कमी करा म्हणतेय, आणि कमी केलं की जी तगमग होते ती भागवायला काय करते, तर सिगारेट.

आता सिगारेटकडे येऊ.

ओपिऑइडच्या उपचारात असलेल्या गरोदर बायकांमधे सिगारेट ओढणाऱ्या किती, तर वेगवेगळ्या अभ्यासांत दहातल्या आठ, नऊ, कधी त्याहूनही जास्त. अमेरिकेतल्या एकूण गरोदर बायका घेतल्या तर २०१६ मधे हे प्रमाण शंभरात सात होतं. मी इथे नवीन होते तेव्हा हे आकडे वाचून मला वाटलं छपाईची चूक असेल, पण मग आमच्या वेटिंग रूमच्या बाहेरचा तो कोपरा बघितला, तिथे थंडीत शून्याखाली तापमान असतानासुद्धा पोटावर जॅकेटची चेन लागत नाही अशा बायका घोळका करून उभ्या असतात.

सिगारेटच्या धुरात हजारो रसायनं आहेत पण बाळाच्या दृष्टीने दोन नावं लक्षात ठेवली तरी पुरे. एक कार्बन मोनॉक्साइड. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं हे शाळेत शिकलोय, तर हा वायू त्याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बसमधे सीटवर रुमाल टाकून ठेवतात ना तसं, जागा अडली, ऑक्सिजन उभाच. आणि बाळाच्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षाही जास्त साठतो आणि उशिरा निघतो. दुसरं निकोटिन, ते रक्तवाहिन्या आवळतं, वारेतल्या (म्हणजे प्लासेंटातल्या) रक्तवाहिन्यांवरही परिणाम होतो, म्हणजे आधीच ऑक्सिजन कमी असलेलं रक्त त्यात परत कमी पोचतं. याचे परिणाम नवीन नाहीत, कित्येक दशकं माहिती आहेत. बाळाचं वजन सरासरी दोनशे ग्रॅमच्या आसपास कमी, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं, वार वेळेआधी सुटून रक्तस्राव, बाळ पोटात जाणं, आणि जन्मानंतर झोपेतच बाळ अचानक दगावणं. यातलं शेवटचं मला रात्री झोपू देत नाही.

मेथाडोनचा त्रास आणि सिगारेटचा त्रास असे दोन वेगवेगळे कप्पे मात्र करता येत नाहीत, दोन्ही एकमेकांत मिसळतात. बाल्टिमोरमधल्याच एका अभ्यासात, २००४ सालच्या, मेथाडोनवरच्या आयांचे दोन गट बघितले, दिवसाला दहा किंवा कमी ओढणाऱ्या, आणि वीस म्हणजे पाकीटभर किंवा जास्त ओढणाऱ्या. दोघींकडे मेथाडोन आहेच. तर जास्त ओढणाऱ्यांच्या बाळांचे विड्रॉवलचे मार्क जास्त आले. म्हणजे त्या थरथरीत, त्या तारस्वरातल्या रडण्यात सिगारेटचाही वाटा होता. आणि हे का होत असेल त्याचा एक धागा प्रॉव्हिडन्समधल्या एका जुन्या अभ्यासात मिळतो, त्यात कुठलंही ड्रग न घेणाऱ्या पण सिगारेट ओढणाऱ्या आयांची बाळं तपासली, तीसुद्धा चटकन दचकणारी, ताठ अंगाची, सांभाळायला अवघड निघाली आणि आईच्या शरीरात निकोटिनचा अंश जितका जास्त तितकं हे जास्त. म्हणजे निकोटिनची सवय मोडतानाचा त्रास बाळालाही होत असावा.

२०१० मधे एक मोठा अभ्यास आला होता, बाल्टिमोर, व्हर्मॉन्ट, व्हिएन्ना, टोरोंटो अशा आठ ठिकाणचा, १७५ गरोदर बायका, अर्ध्यांना मेथाडोन अर्ध्यांना ब्युप्रेनॉर्फिन, चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखं. ब्युप्रेनॉर्फिनवाल्या बाळांना खूप कमी मॉर्फिन लागलं आणि हॉस्पिटलात सरासरी १० दिवस राहावं लागलं, मेथाडोनवाल्यांना साडेसतरा. हा निकाल सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच बायकांच्या माहितीवर नंतर परत काम झालं तेव्हा दिसलं की आई दिवसाला किती सिगारेट ओढते याचाही बाळाच्या वजनाशी आणि उपचाराशी संबंध लागतोय. हे मात्र फार कमी लोकांना माहिती आहे, औषध कुठलं द्यायचं यावर आम्ही तास तास मीटिंगा घेतो आणि सिगारेटसाठी फॉर्मवर एक चौकोन आहे, हो की नाही, टिक करा पुढे चला.

मग एवढ्या बायका का ओढतात? "इच्छाशक्ती नाही" हे उत्तर मला आता ऐकवत नाही. जिने हेरॉइन सोडलं तिला इच्छाशक्ती नाही म्हणता? मेंदूत काय होतं बघा. निकोटिन आत गेलं की शरीर स्वतःच तयार केलेली अफूसारखी रसायनं सोडतं, म्हणजे सिगारेट त्याच दारावर टकटक करते ज्या दारातून हेरॉइन आत जायचं. उलटंही आहे, १९८० च्या दशकात प्रयोगात दिसलं होतं की मेथाडोनचा डोस दिल्यावर माणसं जास्त सिगारेट ओढतात. आम्हाला हे रोज दिसतं, खिडकीवर डोस घेतला की सरळ बाहेरचा कोपरा. त्यात घरी नवरा ओढतो, आई ओढते, ग्रुपमधल्या सगळ्या ओढतात, लहानपणी मार खाल्लेला, कुणी कुणी त्याहून वाईट सोसलेलं, डिप्रेशन, घरभाड्याचं टेन्शन. एकीने मला सांगितलं होतं, "सगळं काढून घेतलंत तुम्ही माझ्याकडून, ही एक ठेवा ना माझ्याकडे." काय बोलणार यावर.

त्यात गरोदरपणाची अजून एक गंमत, शरीर जसं मेथाडोन भराभर संपवतं तसंच निकोटिनही भराभर संपवतं, साधारण दीडपटीहून जास्त वेगाने. म्हणजे बाई म्हणते "हल्ली दोन सिगारेटींच्या मधे थांबवतच नाही" तर ती बहाणा करत नाहीये, तिचं रक्त खरंच लवकर रिकामं होतंय. निकोटिनच्या पॅचचं अपयशही बहुतेक यातूनच येतं. इंग्लंडमधे १०५० गरोदर बायकांवर एक मोठी चाचणी झाली, २०१२ मधे निकाल आला, नेहमीच्या ताकदीचा पॅच, आणि बाळंतपणापर्यंत सिगारेट सोडण्यात विशेष फरक नाही. लगेच लोक म्हणाले पॅच फुकट. पण त्याच चाचणीत महिनाभराहून जास्त पॅच लावणाऱ्या शंभरात फक्त सात होत्या! एक तर डोस तोकडा, वर लावलाच नाही, तर काम कसं करणार. पॅच, निकोटिनची चुइंगगम हे डॉक्टरला विचारूनच, पण निदान त्यात कार्बन मोनॉक्साइड नसतो, धूर नसतो, हा फरक छोटा नाही.

आणि आमची चूक. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात एक वाक्य वर्षानुवर्षं चालत आलंय, "एका वेळी एकच, आधी मोठं व्यसन बघू, सिगारेटचं नंतर." भीती अशी की सिगारेटही काढून घेतली तर बाई ताणाने परत हेरॉइनकडे जाईल. मायेपोटीच म्हणतात, मी पण म्हणायचे. पण २००४ मधे अशा अनेक अभ्यासांची एकत्र मोजणी झाली, व्यसनमुक्तीच्या उपचारात असतानाच ज्यांना सिगारेट सोडायला मदत दिली त्यांचं काय झालं, तर ते बिघडले नाहीत, उलट दारू-ड्रग्जपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी जास्त. आणि गरोदर बाईच्या बाबतीत "नंतर" म्हणजे कधी? तिच्याकडे नऊ महिने आहेत, त्यातले चार-पाच कळायला आणि आमच्यापर्यंत यायलाच जातात.

यायला उशीर का होतो तेही सांगते. टेनेसी राज्यात २०१४ ते २०१६ असा कायदा होता की गरोदरपणी अमली पदार्थ घेतल्याने बाळाला अपाय झाला तर आईवर मारहाणीचा गुन्हा. बायका उपचाराला यायच्याच घाबरायला लागल्या. तो कायदा गेला पण भीती कुठे गेली, मूल काढून घेतील ही भीती प्रत्येकीच्या डोळ्यात असते. त्यामुळे सिगारेटबद्दल विचारतानाही मी कधी "ओढतेस का" असं विचारत नाही, त्याला उत्तर "नाही" किंवा "दोन-तीन" असंच येतं. मी विचारते सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने लागते. पाच मिनिटांत म्हणाली की समजायचं पकड घट्ट आहे.

आता श्वास तपासायच्या मशीनबद्दल. हातात मावेल एवढं, वरती कागदाची नळी लावायची, श्वास पंधरा सेकंद धरायचा आणि सावकाश फुंकायचं, स्क्रीनवर आकडा चढत जातो, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड. न ओढणाऱ्याचा एक, दोन, तीन येतो, पाकीटभर ओढणाऱ्याचा वीस-पंचवीस सहज. डोस कमी करा म्हणणाऱ्या त्या बाईला पुढच्या आठवड्यात मी ते दिलं. तिने फुंकलं, आकडा चढायला लागला, सात, अकरा, सोळा, आणि २२ वर थांबला. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली आणि मग एवढंच विचारलं, "हा आत्ता तिच्याकडे पण आहे?" मुलगी आहे हे तिला कळलं होतं. मी म्हटलं हो. आणि मग लगेच म्हटलं की हा चार-पाच तासांत निम्मा होतो, उद्या सकाळपर्यंत ओढली नाहीस तर उद्या हाच आकडा एकदम खाली दिसेल. हे दुसरं वाक्य पहिल्याच्या पाठोपाठ आलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, नाहीतर आपण नुसता अपराध तिच्या पदरात टाकून घरी पाठवतो आणि अपराधी वाटलं की माणूस काय करतो, सिगारेट पेटवतो.

मग काय कामाला येतं? आजवरच्या अभ्यासांत ज्या उपायाचा निकाल ठळक दिसतो तो ऐकून आपल्याकडे लोक कपाळाला हात लावतात, बक्षीस. व्हर्मॉन्ट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स आणि सारा हाइल यांच्या टीमने गरोदर बायकांसाठी बसवलेली पद्धत अशी, की तपासणीत सिगारेट ओढली नाही असं दिसलं की लगेच हातात व्हाउचर, पहिलं ६ डॉलर २५ सेंटचं, पुढच्या वेळी सव्वा डॉलर जास्त, असं चढत चढत ४५ डॉलरपर्यंत, एकदा ओढली की परत सव्वासहावर. सापशिडीसारखं, फक्त इथे दोनदा नीट आलं की जिथून घसरलात तिथे परत नेऊन ठेवतात. २००८ च्या त्यांच्या निकालात गरोदरपणाच्या शेवटी या गटातल्या ४१ टक्के बायका सिगारेटमुक्त होत्या, ज्यांना व्हाउचर मिळत होतं पण सिगारेटशी त्याचा संबंध नव्हता त्यांच्यात १० टक्के. अशा अभ्यासांमधली बाळं एकत्र मोजली तेव्हा वजनात साधारण दोनशे ग्रॅमचा फरक. स्कॉटलंडमधे ग्लासगोला ६१२ गरोदर बायकांवर, ४०० पौंडांपर्यंतची खरेदी-व्हाउचरं देऊन, तेच दिसलं, साडेबावीस टक्के विरुद्ध साडेआठ.

पण या झाल्या सर्वसाधारण गरोदर बायका. मेथाडोनवरच्या बायकांना पहिल्याच दिवशी "पूर्ण बंद कर" म्हटलं तर त्या पहिलं बक्षीसच कधी मिळवणार नाहीत. म्हणून बाल्टिमोरमधे साधारण शंभर बायकांवर जे करून बघितलं, २०१२ चा निकाल, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. पहिल्या आठवड्यात कितीही कमी केली तरी बक्षीस. मग दहा टक्के कमी, मग पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, आणि बाराव्या आठवड्याला पूर्ण बंद. बाराव्या आठवड्याला जवळपास निम्म्या बायका पंचाहत्तर टक्के कमी करण्यापर्यंत पोचल्या आणि तिघींतली एक पूर्ण बंदपर्यंत. ज्या दुसऱ्या गटांमधे सिगारेट कमी करण्यावर बक्षीस नव्हतं त्यांच्यात असं जवळपास काहीच झालं नाही. पायरी छोटी करून दिली की चढता येते.

"पैसे देऊन सोडवायची का सिगारेट?" हो, द्या की. अपुऱ्या दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत एक दिवस ठेवायला जो खर्च येतो त्याच्यापुढे ही व्हाउचरं म्हणजे चहापाणी. आणि या बायकांना आयुष्यात चांगलं केल्यावर लगेच कुणी चांगलं म्हटलंय असं फारसं झालेलं नसतं.

आपल्या वाचकांपैकी कुणी म्हणेल आपल्याकडच्या बायका कुठे सिगारेट ओढतात. खरंय, देशाच्या २०१६-१७ च्या पाहणीत ओढणाऱ्या बायका शंभरात दोनच, पण तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्या जवळपास तेरा. माझी आजी चुलीवर तव्यात तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, सगळ्या घराला ठसका लागायचा, मग कुटून डबीत, सकाळ-संध्याकाळ बोटाने दाताला मशेरी. "लावल्याशिवाय परसाकडला होत नाही" हे ठरलेलं वाक्य. पोटुशी बाईलाही मळमळ कमी होते म्हणून लावायला द्यायच्या, आजीने सात बाळंतपणं तशीच काढली. तर मुंबईत १२०० च्या वर गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, २००४ मधे आला, धूर न काढणाऱ्या तंबाखूचा, त्यात मशेरीच सगळ्यात जास्त. बाळाचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं जास्त. धूर नव्हता, कार्बन मोनॉक्साइड नव्हता, तरी. म्हणून "मी काय ओढत नाही, नुसती लावते" असं कुणी म्हणत असेल तर तिलाही हाच लेख वाचून दाखवा.

बाळंतपणानंतरचं अवघड असतं ते बऱ्याच जणी आधी सांगत नाहीत. पोटात बाळ आहे म्हणून थांबलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणी वर्षभरात परत ओढायला लागतात, झोप नाही, बाळ रडतंय, वर सगळ्यांचं लक्ष आता आईवरून उठून बाळावर गेलेलं. आणि नेमकं याच महिन्यांत झोपेत बाळ दगावण्याचा धोका जास्त असतो, त्यामुळे आम्ही परत परत सांगतो, घरात कुणीच नको, गाडीत नको, बाळाला पाठीवर झोपवा, ओढणाऱ्याने बाळाला शेजारी अंथरुणात घेऊ नका, आणि एखादी ओढलीच तर बाहेर जाऊन, कपडा बदलून, मग बाळाला घ्या. आणि दूध पाजणं बंद करू नका, ओढली तरी नाही.

त्या बाईचा डोस आम्ही कमी केला नाही, उलट वाटून दोनदा केला, आणि रात्रीची तगमग कमी झाल्यावर तिच्या सिगारेटही आपोआप थोड्या कमी झाल्या. व्हाउचरला आमच्याकडे पैसे नाहीत, मी दोनदा मागितले दोनदा नाही आलं. मग देणगीत आलेली डायपरची पाकिटं होती कपाटात, तीच आम्ही बक्षीस ठेवली. २२, १९, १९, १४, परत १७, मग ९. मुलगी दिवस भरून झाली, थरथर होती, चार दिवस तिला कुशीतून खाली ठेवलं नाही, मॉर्फिन लागलं नाही. नवव्या आठवड्यात ती बाळाला घेऊन आली आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली मशीन द्या. फुंकलं. ८ आला. "सकाळपासून तीन झाल्या," ती म्हणाली, बाळाची टोपी सारखी करत. मी कपाट उघडून बघितलं, नवजात मापाची संपली होती, पुढच्या मापाची सहा पाकिटं होती. आम्ही परत पहिल्या आठवड्यापासून सुरू केलं.